सगळा भार काठीवर

कट्ट.

धाकटं नुकतंच झोपलं होतं, घर चिडीचूप होतं, आणि न्हाणीघरात वजनकाटा वाजला. ताई तर माझ्यासमोर बसली होती, हातात फोन घेऊन. वजन कमी करायचं तिचं सोमवारचं ऑपरेशन रद्द करायला ती हॉस्पिटलचा नंबर शोधत होती. कारण ऑपरेशन सकाळीच झालं होतं. बिनटाक्याचं. हलकेबाबांच्या हातचं.

सकाळी सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. "डॉक्टर पोट कापतो, मी पाप कापतो!" बाबा गरजले. त्यांचं स्वतःचं पोट त्यांच्या आधी मंचावर पोचलं होतं. त्यावर उपचार राहून गेले असावेत. ताईला काट्यावर उभं केलं. एकशे बारा. बाबांनी तिच्या पोटावरून अंगठा फिरवला, फुंकर मारली. "जठराला गाठ मारली! आता पथ्य बंद, मधुमेहाच्या गोळ्या बंद. अशक्तपणा येईल हं बाळा, ही काठी धर. सगळा भार माझ्यावर टाक!"

एकशे चार. टाळ्यांचा कडकडाट. खोटं कशाला बोलू, मीही आ वासला.

"ताई, फोन करायची घाई करू नकोस गं," मी आता म्हणाले.

"मग काय करू? दोन आठवडे नुसतं पातळ पितेय, यकृत लहान व्हावं म्हणून. पुढे पोट वाटीएवढं, घास चावचावून खा, जेवताना पाणी नको, व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर. केस गळतील, कातडी लोंबेल. वर सर्जन म्हणतो, हा चमत्कार नाही, अर्धं काम तुमचंच. असा कुणी माल विकतो का?"

"साखरेची गोळी घेतलीस?"

"बाबांनी बंद केली ना!"

कट्ट. "आई, मी हलकी झाले!"

दोघी धावलो. सहा वर्षांची माझी लेक काट्यावर उभी, फरशी पुसायच्या काठीवर रेलून. "बघ, रेलले की पंधरा. सोडली की वीस. मी हलकेबाबा!"

काठीचं टोक काट्याबाहेर होतं. फरशीवर.

ताईने तिला उतरवलं, स्वतः चढली, काठी घेऊन रेलली. एकशे चार. सोडली. एकशे बारा. पुन्हा रेलली, पुन्हा सोडली.

"त्या मेल्या बाबावर भार टाकलाच नाही मी," ती म्हणाली. "फरशीवर टाकला! बायकांच्या कमरा मापून ब्लाउज शिवते, आणि स्वतःला टेप लावायचं सुचलं नाही!" ती इतकी हसली की धाकटं उठलं. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "कापून घ्यायची भीती वाटते गं मला."

"वाटणारच. ते सर्जनला सांग. तो निदान वाईट बातमीसुद्धा सांगतो."

तिने हॉस्पिटललाच फोन लावला. रद्द करायला नव्हे, चुकलेल्या गोळीचं विचारायला.

तर बायांनो, उद्या कुणी चुटकीसरशी आठ किलो उतरवले, तर टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा: गेले कुठे? आणि मग काठीच्या टोकाकडे बघा. प्रश्न विचारल्याने कुठल्याच देवाचा अपमान होत नाही. झालाच तर बाबाचा धंदा बसतो.

लेकीलाही हेच शिकवलं. "काही कमी झालं की विचारायचं, गेलं कुठे?"

ती मावशीच्या मांडीत शिरली, तिच्या मऊ पोटाला गाल लावून विचार करत राहिली.

"आई, ऑपरेशन झालं की मावशी खरंच कमी होणार ना? मग ती कमी झालेली मावशी कुठे जाणार?"