पाच चमचे, एक जीभ

आमच्या सूपच्या कारखान्यात कोणती चव विकायला जाणार, हे चमचे ठरवत. कारखाना म्हणजे घरामागची लांबट शेड. एका टोकाला भाज्या वाळवायची कपाटं, दुसऱ्या टोकाला पुड्या भरायचं यंत्र आणि मधे चव घ्यायचं टेबल. प्रत्येकापुढे वाटी, चमचा आणि रिकामा पेला. चव पसंत पडली तर चमचा पेल्यात उभा करायचा, नाहीतर टेबलावर आडवा ठेवायचा. चमचे ठेवून होईपर्यंत बोलायचं नाही, कारण एक बोलला की बाकीचे त्याच्यामागे जातात. हा नियम बाबांचा. आई, बाबा, काका, दादा आणि मी असे आम्ही पाच जण. पाचामुखी परमेश्वर, असं बाबा म्हणत आणि विषय मिटे.

मग दादाचं लग्न झालं आणि टेबलावर सहावा पेला आला. वहिनी आधी एका मोठ्या उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात होती. अशी सून बाहेर कशाला राबेल, म्हणून बाबांनीच आग्रह करून तिला ती नोकरी सोडायला लावली होती.

हिरव्या सूपच्या वेळी पहिल्यांदा फाटलं. कोबी आणि मोहरीच्या पानांची पूड, वर थोडं मिरं. पाच चमचे उभे राहिले, वहिनीचा आडवा. कडू लागतं, म्हणाली. मीठ वाढवून पाहिलं, तरी आडवा. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा काकांनी विचारलं, ‘‘सूनबाई, ही जीभ आहे की तक्रारपेटी?’’

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. सूप सोमवारी एका शाळेच्या उपाहारगृहात जायचं होतं. ते शांतपणे म्हणाले की उद्यापासून वहिनीने पुड्या भरण्याकडे बघावं, टेबलावर आम्ही पाच जण पुरे आहोत. वहिनीने मान डोलावली. संध्याकाळी भांडी पुसता पुसता तिने मला सांगितलं की जुन्या स्वयंपाकघरात तिची जागा अजून भरलेली नाही, आणि सोमवारी ती विचारायला जाणार आहे. ‘‘तिथे निदान माझ्या तोंडाला कोणी खोटं म्हणत नाही गं,’’ ती म्हणाली.

मी तेव्हा नुकतीच पदवी घेऊन एका शाळेत बदली शिक्षिका म्हणून जीवशास्त्र शिकवत होते. आनुवंशिकतेच्या धड्यासाठी कागदाच्या पट्ट्या आणल्या होत्या. त्यांना एक कडू रसायन लावलेलं असतं, पण ते सगळ्यांना कडू लागत नाही. वर्गात नेण्याआधी घरी करून बघावं, म्हणून दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी एकेक पट्टी वाटली. आम्हा पाचही जणांना नुसता कागद लागला. काकांनी तर चावून पाहिला. वहिनीने पट्टी जिभेवर ठेवली आणि उठून नळाकडे धावली.

‘‘नाटक,’’ काका म्हणाले, पण हळूच.

मग मी साध्या कागदाच्या पट्ट्या कापल्या, खऱ्या पट्ट्यांच्या मागे पेन्सिलचा ठिपका दिला आणि सगळ्या मिसळल्या. वहिनीने डोळे मिटले. मी पट्टी द्यायची, ती ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणायची, आणि बाबा मागची बाजू बघायचे. ती एकदाही चुकली नाही. मधे पाणी पिऊन, तोंड पुसून पुन्हा जीभ पुढे करायची. मला चक्रावून गेल्यासारखं झालं. त्याच टेबलाशी बसून ती एक चव ओळखत होती, जी आमच्यासाठी जगात नव्हतीच.

बाबांनी विचारलं, ‘‘पण पाच जणांना एकाच वेळी कसं कळत नाही?’’

मी त्यांना सांगितलं की ही चव ओळखणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक जरी चालणारी असली तरी कडू कळतं. आई आणि बाबा, दोघांकडेही चालणारी प्रत नाही, मग दादाला आणि मला ती येणार कुठून? काका तर बाबांचे सख्खे भाऊ, त्यांच्याकडेही ती नसण्याची शक्यता मोठी. आणि कोबी-मोहरीच्या पानांतही याच जातीचा कडूपणा असतो. झाडं किड्यांपासून बचावासाठी तो बाळगतात, आणि तो ओळखणाऱ्या जिभांनी माणसाला कित्येक विषारी पानांपासून वाचवलं असणार.

‘‘म्हणजे आपली पाच मुखं नाहीतच,’’ बाबा सावकाश म्हणाले. ‘‘एकच मुख पाचदा बोलतंय.’’

काकांनी पुढची चौकशी केली, दादाच्या मुलांचं काय? वहिनीकडे दोन्ही प्रती चालणाऱ्या असतील तर प्रत्येकाला कळेल, एकच असेल तर शक्यता निम्मी, मी म्हटलं. ‘‘चला, घराण्याची जीभ सुधारायला वाव आहे,’’ काका म्हणाले, आणि दादा उगाच यंत्राचा पट्टा तपासायला गेला.

बाबांनी सूप मागवणाऱ्या शाळेला फोन करून मुदत मागून घेतली आणि सूप वहिनीच्या हाती सोपवलं. सोमवारी ती जुन्या नोकरीचं विचारायला गेलीच नाही. वहिनीने पानं उकळत्या पाण्यात बुडवून ते पाणी ओतून दिलं, मोहरीची पानं कमी केली, गाजर वाढवलं. बुधवारी सहा वाट्या मांडल्या. शेजारी जुन्या सूपच्याही सहा. मी दोन्ही चाखली. गाजराचा गोडवा सोडला तर मला काही फरक कळला नाही. आईला, बाबांना, दादाला, काकांनाही नाही. आम्ही चमचे हातात धरून बसलो.

वहिनीने नवं सूप तोंडात घोळवलं, गिळलं, थोडं थांबली. मग चमचा पेल्यात उभा केला.

‘‘अजून दोन माणसं हवीत या टेबलावर,’’ ती बाबांना म्हणाली. ‘‘घराबाहेरची. उद्या माझं चुकलं तर मला कोण सांगणार?’’

‘‘तूच निवड,’’ बाबा म्हणाले, आणि आपला चमचा तिच्यानंतर उभा केला.