धोबीखान्यातलं दार

रुग्णालयात तिला सगळे सूनबाई म्हणत. नात्यावरून नव्हे, खुर्चीवरून. त्या खुर्चीवर आधी बावीस वर्षं तिच्या सासूबाई बसल्या होत्या, आणि त्यांचा दरारा असा, की त्या निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी संगणक अडला की लोक ‘बाईंचं यंत्र रुसलं’ असंच म्हणत. सूनबाई परीक्षा देऊन, मुलाखतीत चौघांना मागे टाकून त्या जागेवर आली होती. पण हे कुणाकुणाला सांगत बसणार? सासूच्या पुण्याईने लागली, एवढं जगाला पुरेसं होतं.

घरी सासूबाई कामाबद्दल चकार शब्द काढत नसत. संध्याकाळी ती दारात चपला काढत असतानाच त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे: “दोघी बऱ्या आहेत ना?” ती न बघताच म्हणे, “बऱ्या आहेत.” की संपलं.

या दोघी म्हणजे थोरली आणि धाकटी. नावं जावांसारखी, पण होते ते यूनिक्स या संगणकप्रणालीवर चालणारे दोन पहारेकरी प्रोग्राम. रुग्णालयात बत्तीस टर्मिनल होती, नुसता पडदा आणि कळफलक; प्रत्येकाची तार एकाच यंत्रापर्यंत आलेली, आणि प्रत्येक टर्मिनल म्हणजे एक दार. कुणी एंटर दाबलं की पहारेकऱ्याने नाव विचारायचं, पासवर्ड विचारायचा आणि माणसाला आत सोडायचं. सासूबाईंनी थोरलीकडे एकतीस दारं दिली होती आणि धाकटीकडे एकच. ‘पीएमअ‍ॅडम’ ही आज्ञा दिली की दारांची यादी पडद्यावर येई. धाकटीच्या एकुलत्या दारापुढे सासूबाईंचा शेरा होता: ‘धोबीखाना. काढू नका.’ रुग्णालयाच्या चादरी धुणाऱ्यांना संगणकात शिरून काय करायचं होतं, देव जाणे. दोन वर्षांत त्या दारातून एकही माणूस आत आल्याची नोंद नव्हती.

त्या आठवड्यात व्यवस्थापकांचा कागद आला: जे वापरात नाही ते काढून टाका. सूनबाईने धाकटीवर बोट ठेवलं. आधी बंद करायची, आठवडाभर कुणी ओरडतं का बघायचं आणि मग मुळासकट काढायची. संध्याकाळच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, तेही तिने ठरवून टाकलं होतं. रोजचंच. खोटं तर खोटं.

दुपारचे दोन वाजायला तीन मिनिटं होती. तिने ‘सॅकअ‍ॅडम’ लिहिलं. ही आज्ञा दारांची नव्हे, पहारेकऱ्यांची. पुढे बंद करण्याचा ‘डी’ आणि मग पहारेकऱ्याचं नाव. बोटं सवयीची गुलाम असतात. दिवसातून दहादा जे नाव लिहायची तेच त्यांनी लिहिलं: थोरली. यूनिक्सची रीत अशी, की काम बिघडलं तर बोलायचं, झालं तर गप्प राहायचं. ते गप्प राहिलं. भिंतीवर सासूबाईंच्या अक्षरातली पाटी होती, ‘जागेवरून उठण्यापूर्वी बाहेर पडा’. ती मुकाट्याने लॉगआउट झाली आणि पाण्याची बाटली भरायला गेली.

बाटली अर्धी भरते न भरते तोच नोंदणीचा फोन आला. मग औषध भांडाराचा. मग तपासणीखोलीचा. दोन वाजता पाळी बदलते. पहिली पाळी बाहेर पडली होती आणि दुसरीला कुणी आत घेत नव्हतं.

“पडद्यावर काहीतरी भलतंच येतंय,” नोंदणीची बाई म्हणाली. “शिव्या वगैरे नाहीत, पण या तुम्ही.”

नोंदणी त्याच मजल्यावर, पलीकडच्या टोकाला होती. खिडकीपुढे वीसेक माणसं ताटकळत होती. सूनबाईने वाकून पडदा पाहिला. हिरव्या अक्षरांत एक ओळ होती. यंत्राला आपली लिपी येत नव्हती, म्हणून आपलीच भाषा रोमन अक्षरांत लिहिलेली. ती तिने अडखळत वाचली: ‘दार बंद आहे, माणसं बंद झालेली नाहीत. नावं कागदावर घे. आधी त्यांना बसायला सांग.’

क्षणभर तिला कळेना हे बोलतंय कोण. मग आठवलं. दार बंद असताना पडद्यावर काय दाखवायचं, हे प्रत्येक दाराला वेगळं सांगून ठेवता येतं. यादीत प्रत्येक ओळीच्या शेवटी रोमन अक्षरांची एक लांबलचक गिचमिड असे. पहिले चार रकाने वाचून ती पुढची ओळ धरायची. दोन वर्षांत तिने एकही ओळ शेवटपर्यंत वाचली नव्हती.

आणि दारं बंद का, हेही त्याच क्षणी कळलं. काय लिहिलं होतं ते बोटांना आठवत होतं.

नोंदणीची बाई तोवर कागद काढून नावं लिहायला लागली होती आणि लोक बाकांवर बसत होते. पडद्याने सांगितलं आणि तिने ऐकलं, इतकं साधं.

सूनबाई परत निघाली. वाटेत लहान मुलांचा कक्ष लागला. दाराशीच टर्मिनल होतं आणि नवी परिचारिका त्याच्याकडे टक लावून उभी होती. “हे कुणी लिहिलंय?” तिने हळूच विचारलं. पडद्यावर होतं: ‘मला बोलवायला धावू नकोस. बाळापाशी थांब. मी येते.’

“सासूबाईंनी,” सूनबाई म्हणाली. घरी ज्या बाई ताटावरून उठतानासुद्धा ‘छान झालं होतं’ म्हणत नसत, त्यांनी कधीतरी एका दुपारी एकेका खोलीत जाऊन उभं राहून पाहिलं असणार, की इथला माणूस अडला तर सगळ्यात आधी कशाला घाबरेल. आणि नेमकं तेवढंच लिहून ठेवलं असणार. पुढच्या दारांशीही ती वाचत गेली. औषध भांडारात: ‘उशीर झाला तर चालेल. चूक नको.’ शस्त्रक्रिया विभागाच्या दाराशी: ‘रक्तपेढीला फोन कर. जो आत आहे तो आतच आहे.’ इतकी वर्षं ही वाक्यं दारामागे उभी होती आणि दार कधी बंदच न झाल्याने कुणाला दिसली नव्हती.

तिच्या खोलीत व्यवस्थापक येऊन उभे होते. ते घड्याळाकडे बघूनच बोलत. “काय झालंय?”

“पहारा बंद झालाय. माझ्याकडून. एका ओळीचं काम आहे, चालू करते.” तिने खुर्ची ओढली, एंटर दाबलं आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिचं टर्मिनलही थोरलीच्याच दारांपैकी एक होतं. ती ओळ लिहायला आत जायला हवं, आणि आत सोडणारी थोरलीच बंद. यंत्राचा स्वतःचा पडदा जळून दुरुस्तीला गेला होता, तो शनिवारी येणार होता.

“म्हणजे?” व्यवस्थापक म्हणाले.

“म्हणजे किल्ली आत राहिली आणि मी बाहेर.”

“मग वीज काढा आणि पुन्हा लावा. पाच मिनिटांत सगळं जागेवर येईल.”

तेवढ्यात फोन वाजला. रक्तपेढीतले काका होते, नोकरीत केस पिकलेले. “सूनबाई, माझं चालू आहे हं. मी सकाळपासून आत आहे. वर टेबलावर बाळंतीण आहे, रक्त थांबत नाही तिचं. तीन पिशव्या जुळल्या, चौथी चालू आहे. वीस मिनिटं मला इथून हलता येणार नाही. या वेळी वीज काढू नका म्हणजे झालं.”

तिने फोन ठेवला. थोरली बंद असली तरी जे आधीच आत गेलेत त्यांना ती बाहेर काढत नाही. वीज मात्र सगळ्यांना एकाच फटक्यात काढते. कुठली पिशवी कुणाची, हे सगळं त्या एका पडद्यावर होतं.

“रक्तपेढी आत आहे. वीज काढायची नाही,” ती म्हणाली.

“आणि बाकीचं रुग्णालय? दहा मिनिटं देतो. मग मी स्वतः बटण दाबेन.” ते यंत्राच्या बटणाशेजारी जाऊन उभे राहिले.

तिने स्वतःच्या पडद्याकडे पाहिलं. मघाशी दाबलेल्या एंटरचं उत्तर तिथे येऊन थांबलं होतं. बाकीच्यांपेक्षा लांब होतं.

‘किल्ली आत, तू बाहेर. होतं असं. विजेला हात लावू नकोस. धाकटीकडे जा.’

तिने दोनदा वाचलं. मग उठली. ती जिन्याने तळघराकडे धावली. आज सकाळी तिने जिला निरुपयोगी ठरवलं, जिला बंद करायला ती बसली होती, ती धाकटी केवळ तिची बोटं चुकली म्हणून जिवंत होती. बोटं बरोबर चालली असती तर धाकटी गेली असती, आणि कधीतरी थोरली अशीच अडली असती तेव्हा खाली कुणीच नसतं.

धोबीखान्यात वाफ कोंडली होती. इस्त्रीवाल्या मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या.

“मावशी, इथे संगणकाचा पडदा आहे का?”

मावशींनी इस्त्री उभी ठेवली. “आहे की. त्या कपाटामागे.” त्यांनी पुढची टोपली पायाने सरकवली. कोनाड्यात, धुतलेल्या टॉवेलने झाकलेलं टर्मिनल होतं. “तुमच्या सासूबाईंनी सांगितलं होतं, दर सोमवारी पुसायचा आणि हा हिरवा दिवा विझू द्यायचा नाही. मी पुसते.”

“कशासाठी ते नाही विचारलंत?”

“विचारलं ना. म्हणाल्या, कुणीतरी येईल.” मावशी परत घडीकडे वळल्या. “तुम्हीच का त्या?”

सूनबाईने टॉवेल उचलला. काच लख्ख होती. सगळीकडे असतो तसा नेहमीचा ‘लॉगिन’ हा शब्द तिथे नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात फक्त एक प्रश्न होता: ‘कोण?’

ती उभीच राहिली. तिला घाई होती, वर बटणावर बोट होतं, तरीही एवढा एक श्वास तिने घेतला. वाफेने भरलेल्या या रिकाम्या कोनाड्यात धाकटी वर्षानुवर्षं बसून होती. कुणी आलं नाही म्हणून ती झोपली नव्हती, उठून गेली नव्हती, रागावली नव्हती. येणाऱ्याचं नाव विचारायला ती तयार होती, एवढंच. देवळात गेल्यावर वाटावं तसं काहीतरी सूनबाईला त्या कपाटामागे वाटलं, आणि त्याचं तिला हसूही आलं नाही.

तिने आपलं नाव लिहिलं. धाकटीने पासवर्ड विचारला आणि तिला आत घेतलं. सॅकअ‍ॅडम. या वेळी ‘डी’ नाही, चालू करण्याचा ‘ई’. मग थोरली, अक्षर अक्षर वाचत. यंत्र गप्प राहिलं. तिला ते गप्प राहणं इतकं गोड कधी लागलं नव्हतं. यादी मागवली तेव्हा दोघींपुढे ‘चालू’ असं आलं.

वर पोचली तेव्हा व्यवस्थापक बटणापासून दूर झाले होते आणि फोन थांबले होते. अडीचला रक्तपेढीतून कळलं, चौथी पिशवी वर गेली. पावणेचारला कळलं, बाळंतीण शुद्धीवर आहे. ते ऐकून सूनबाई स्वच्छतागृहात गेली, दार लावलं आणि पोटभर रडली. मग तोंड धुऊन परत आली आणि बत्तीसच्या बत्तीस ओळी शेवटपर्यंत वाचल्या. शेवटची धाकटीची होती. धाकटीही बंद पडली तर धोबीखान्यात काय दिसेल, तेही लिहिलेलं होतं: ‘आता मला घरून बोलाव. मी चालत येईन.’

संध्याकाळी ती दारात चपला काढू लागली. आतून प्रश्न आला.

“दोघी बऱ्या आहेत ना?”

“थोरली आज पंचवीस मिनिटं बंद होती,” ती म्हणाली. “मीच बंद केली, चुकून. मला खरं तर धाकटीला काढायचं होतं.”

सासूबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात निवडायच्या तांदळाचं ताट होतं, ते त्यांनी टेबलावर ठेवलं. “आत कोण होतं?”

“रक्तपेढीतले काका.”

“वीज काढलीस?”

“नाही. धोबीखान्यात गेले.”

सासूबाई खुर्चीवर बसल्या. “मी काढली होती,” त्या म्हणाल्या. “तू या घरात यायच्या किती आधी. अशीच बाहेर राहिले होते. घाबरले आणि काढली वीज. आत तोच होता, तेव्हा कोवळा पोरगा. कुठली पिशवी कुणाची, सगळं पुसलं गेलं. रात्रभर एकेक नळी हाताने परत जुळवली त्याने. कुणी गेलं नाही, पण गेलं असतं. मला एका शब्दाने बोलला नाही तो. आजवर नाही.”

‘या वेळी’ असं काका फोनवर का म्हणाले होते, ते तिला आता कळलं.

“दुसऱ्या दिवशी धाकटी बसवली,” सासूबाई म्हणाल्या. “वाटायचं, माझ्यामागे कुणीतरी तिला काढून टाकणार. काम काय तिला?”

“आता नाही काढणार कुणी.” सूनबाईने त्यांच्यासमोरचं ताट आपल्याकडे ओढलं आणि खडे शोधायला लागली. “बऱ्या आहेत दोघी.”

“तुला धरून तिघी,” सासूबाई म्हणाल्या, आणि चष्मा कुठे ठेवला ते शोधायला उठल्या.