रिकामा डबा कोण नेतं?

चहाची पूड वाडग्यात, वाडग्यावर बशी आणि डबा गायब.

आदल्या दिवशी काड्यापेटी गेली होती. काड्या मात्र पेल्यात, फुलदाणीत फुलं ठेवावीत तशा उभ्या. त्याच्या आधी पावडरचा डबा. पावडर आंघोळीच्या मगात ओतलेली होती आणि मी अर्धवट झोपेत त्यावर गरम पाणी घेतलं, ते वेगळंच.

मी दातांच्या डॉक्टरांकडे स्वागताच्या टेबलावर बसते. तिथे येणारा प्रत्येक जण दिवसातून दोनदा दात घासतो असं छातीठोकपणे सांगतो आणि आ वासला की पितळ उघडं पडतं. त्यामुळे संशय घेणं हा माझा स्वभाव नाही, नोकरीतली सवय आहे.

पहिला संशय मावशींवर. आमच्याकडे भांडी घासतात त्या. मी आपलं आडून विचारलं, "मावशी, इथला डबा उचलून कुठे ठेवलात का?"

त्यांनी हातातलं फडकं माझा गळा असल्यासारखं पिळलं. "ताई, चोरायचंच असतं तर आतला चहा नेला असता की! चहा ठेवून रिकामा डबा कोण नेतं? आणि तुमच्या घरात रिकामं काही सापडतं तरी का? फाटका मोजासुद्धा नळाला बांधून ठेवता तुम्ही."

आता हे खोटं नव्हतं. माझ्या हातून काही टाकवत नाही. जॅमच्या बाटलीत बटणं, औषधाच्या खोक्यात सुया, रंगाच्या बादलीत कांदे. आमच्याकडे डबा कधी संपत नाही, त्याची फक्त बदली होते.

मावशी सुटल्या. राहिलो घरातले. नवऱ्याला चहाचा डबा कुठल्या फळीवर असतो हे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माहीत नाही. लेक सहा वर्षांची. सतत गुणगुणते म्हणून तिला सगळे भुंगा म्हणतात. तिचा हात त्या फळीला पोचत नाही. म्हणजे उरले सासरे.

बाबा आयुष्यभर कारखान्यात स्टोअरकीपर होते. एक नट या खणातून त्या खणात गेला तरी त्यांना कळायचं म्हणे. आणि आता? "सूनबाई, माझं चष्म्याचं घर पाहिलंस का?" म्हणत घरभर फिरायचे.

शुक्रवारी सकाळी नवऱ्याने चहाचा घोट घेतला आणि धावत जाऊन सिंकमध्ये थुंकला. मीठ! साखरेचा आणि मिठाचा, दोन्ही डबे गेले होते. दोघांचे वाडगे शेजारी शेजारी, जुळ्या बहिणींसारखे.

"आज मीठ आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "उद्या गॅस उघडा राहील."

"हळू बोला, बाबा ऐकतील."

"मी दादाला फोन केलाय. रविवारी येतोय तो. बाबांना घेऊन जाईल. त्याचं घर चौथ्या मजल्यावर आहे, दाराला बाहेरून कडी लावता येते."

"कडी लावून ठेवणार त्यांना?"

"मग काय करू सांग ना! दर शनिवारी ते भुंग्याला घेऊन मोठा रस्ता ओलांडतात. तुला झोप लागते?"

लागत नव्हती. शनिवारी ग्रंथालयातल्या मुलांच्या खोलीत एक बाई गोष्ट वाचून दाखवतात. मुलं त्यांना गोष्टीताई म्हणतात. गोष्ट संपली की घरून आणलेल्या टाकाऊ वस्तूंमधून गोष्टीतलं काहीतरी करायचं. आजोबा-नात हातात हात घालून जायचे. हल्ली बाबांच्या खांद्यावर एक फुगलेली पिशवी असायची. "काय आहे त्यात?" विचारलं की दोघं एका सुरात म्हणायचे, "काही नाही."

एका सुरात आलेल्या उत्तरावर मी तर बाई विश्वास ठेवत नाही.

त्या शनिवारी मी सुट्टी काढली. दातांच्या डॉक्टरांना दाढ दुखते असं सांगायची सोय नाही, म्हणून डोकं दुखतं म्हटलं. आणि स्वतःच्याच सासऱ्यांच्या मागे, कोपऱ्याकोपऱ्याला थबकत निघाले. ओळखीचं कोणी भेटलं असतं तर काय सांगणार होते, देव जाणे.

मोठ्या रस्त्याशी बाबांनी भुंग्याचं मनगट धरलं. गाड्या थांबल्या तरी ते थांबून राहिले. एका सायकलवाल्यालाही जाऊ दिलं. मगच पलीकडे. माझ्या जिवात जीव आला, पण तेवढ्यावर कोणाला घरात ठेवून घ्यायचं की नाही हे ठरत नाही.

मुलांच्या खोलीत मी कपाटाआड उभी राहिले. दाढ दुखणाऱ्या सुसरीची गोष्ट चालली होती. सुसर कोणालाच तोंड उघडून दाखवायला तयार नव्हती. आमच्याकडे येतात तसलीच होती अगदी.

गोष्ट संपली, पिशव्या उघडल्या. भुंग्याच्या पिशवीतून माझा चहाचा डबा निघाला. मग साखरेचा. मग मिठाचा आणि काड्यापेटी.

"अगंबाई, केवढं आणलंस!" गोष्टीताई म्हणाल्या. "सुरुवातीला तर रिकाम्या हाताने बसायचीस."

"आमच्या घरी काहीच टाकाऊ नसतं," भुंगा म्हणाली. "आई टाकूच देत नाही."

"मग हे कुठून आणलं?"

"आजोबा रिकामं करून देतात."

मागच्या बाकावर आया हसल्या. बाबाही हसले आणि दोरा दातांनी तोडत म्हणाले, "स्टोअरमधून माल काढायचा म्हणजे स्टोअरकीपरच लागतो."

मी कपाटाला टेकले. आठवडाभर ज्याची धास्ती घेतली होती, तो म्हातारा नातीसाठी डबे ओतत होता! हसू आलं आणि दोन्ही वाडग्यांवर एकेक चिठ्ठी लावायला काय झालं होतं, असा रागही आला.

मी आधीच बाहेर पडून फाटकाशी उभी राहिले, जणू आत्ताच आले. भुंगा सुसर घेऊन धावत आली. चहाच्या डब्याचं पोट, काड्यापेटीचे पाय. जबडा मात्र झकास होता, मिटताना टप्पकन वाजायचा. पुठ्ठ्याचे पांढरे दात, काळ्या दोऱ्याने पक्के बांधलेले.

"जबडा आजोबांनी केला!"

बाबांनी खिसे चाचपले. वरचा, खालचा, पुन्हा वरचा. "सूनबाई, माझं चष्म्याचं घर पाहिलंस का गं? सकाळपासून शोधतोय."

भुंग्याच्या हातात सुसरीने टप्पकन तोंड मिटलं.

मी जबड्याकडे पाहिलं. पुठ्ठ्याच्या दातांमागे चष्म्याच्या घराचं मखमली अस्तर दिसत होतं. मग भुंग्याकडे. ती गुणगुणायची थांबली होती. माझा पदर ओढून मला खाली वाकवलं आणि कानात म्हणाली, "सांगू नको हं. सांगितलं की ते खूप वेळ बोलतच नाहीत."

रस्ता ओलांडताना बाबांनी भुंग्याचं मनगट धरलं. मी बाबांचं धरलं.

"मला कशाला धरतेस?"

"मला भीती वाटते गाड्यांची."

घरी येऊन नवऱ्याला डब्यांची भानगड सगळी सांगितली. हसता हसता त्याला ठसका लागला. त्याने भाऊजींना फोन लावला, "दादा, उद्या ये, पण बाबांना न्यायला नको, जेवायला ये." जबड्याचं मात्र मी सांगितलं नाही. ते सध्या माझ्याजवळ ठेवलंय, लागेल तेव्हा काढेन. ठेवून द्यायची सवयच आहे मला. गॅसची खालची चावी आता मी कामावर निघण्याआधी बंद करते. आणि डॉक्टरांना सांगून टाकलंय, यापुढे शनिवारी मी अर्धा दिवस. डोकं दुखत असतं.

पुढच्या शनिवारी निघायच्या आधी मी बिस्किटांचा डबा बाबांच्या पिशवीत टाकला. त्यांनी तो बाहेर काढला, हलवून पाहिला, उघडून वास घेतला.

"सूनबाई, यात काल रात्री बिस्किटं होती. वरपर्यंत."

"संपली."

"एका रात्रीत? कोणी खाल्ली?"

"मी," मी म्हटलं, ठामपणे, दोनदा दात घासणाऱ्यांच्या सुरात.

बाबांनी झाकण लावलं. मग, डबे गायब होत होते तेव्हा मी त्यांच्याकडे जसं पाहत होते, अगदी तसंच माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले.