सभापतीबाई बसमध्ये चढल्या तेव्हा

सरकार पडल्याचं कंडक्टरबाईला गाडी सुटल्यावर कळलं. रेडिओवर सकाळपासून नुसता बँड वाजत होता आणि विधिमंडळाच्या फाटकाला लष्कराने साखळदंड घातला होता. डेपोत हुकूम मात्र एकच: काहीही होवो, गाड्या बंद पडता कामा नयेत.

विधिमंडळाच्या थांब्यावर एक म्हातारी चढली. पायात घरातल्या सपाता, डोक्यावरून शाल. तिकीट फाडता फाडता कंडक्टरबाईने शालीआडचा चेहरा पाहिला. या तर सभापतीबाई! खासगी मोटारवाल्यांशी भांडून सरकारी बसचा कायदा करून घेतला तो यांनीच. बायकांना कंडक्टर म्हणून घ्यायचं, हे कलमही त्यांचंच.

"शेवटच्या थांब्यावर बहीण राहते माझी," त्या हळूच म्हणाल्या.

"बाई, पाया पडते तुमच्या, पुढच्या थांब्याला उतरा. घरी लेकरं आहेत माझी."

सभापतीबाई रागावल्या नाहीत. "बरोबर आहे तुझं," म्हणत दांडा धरून उठल्या.

पण थांब्याच्या अलीकडेच, पुलाच्या तोंडाशी, ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. रस्त्यात आडवा रणगाडा. दोन शिपाई वर चढले. एव्हाना सगळ्या गाडीने सभापतीबाईंना ओळखलं होतं. कुणी खिडकीबाहेर बघत होतं, कुणी स्वतःच्या चपलांकडे. यातला एक जण जरी बोलला, तरी खेळ खलास.

"ही कोण?" शिपायाने विचारलं.

"सासू माझी," कंडक्टरबाई बोलून गेली. धाडस कसलं आलंय त्यात! खरं सांगितलं तर आपल्यालाही खाली ओढतील, एवढंच तिला सुचलं होतं.

"सासू? मग तुझ्या गाडीत काय करते?"

कंडक्टरबाईने तोंड उघडलं. तेवढ्यात म्हातारी कडाडली, "विचारा तिलाच! घराला कुलूप घालते आणि मला दिवसभर गाडीत हिंडवते. म्हणे, डोळ्यांसमोर राहा. सकाळपासून चहाचा घोट दिला असेल तर शपथ!"

सगळं सभागृह गप्प करणारा तो आवाज रेडिओवर कुणी ऐकला नव्हता? शिपायाने मान तिरकी केली. कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला असावा त्याला तो आवाज.

आणि पुढच्या सीटवरचा मोटारशेठ उठला. संपलं, कंडक्टरबाईला वाटलं. त्या कायद्यात याच्या सगळ्या मोटारी सरकारजमा झाल्या होत्या. रोज याच गाडीत बसून तो सभापतीबाईंच्या नावाने खडे फोडायचा.

"साहेब," तो म्हणाला, "या सासू-सुनांनी आमचे कान किटवलेत. रोजचंच रडगाणं आहे यांचं. सोडा की गाडी."

शिपाई फिसकन हसला. दोघं उतरले. रणगाडा घरघरत बाजूला झाला.

गाडीने पूल ओलांडला. सभापतीबाईंनी वळून पाहिलं, तेव्हा मोटारशेठ खेकसला, "उपकार नाहीत हे. माझ्या गाड्या घेतल्यात, तेव्हा निदान तुमच्या दारात येऊन बोंब तरी मारता आली. आता कुणाच्या दारात मारायची?"

शेवटच्या थांब्यावर सभापतीबाई उतरल्या आणि गल्लीत दिसेनाशा झाल्या. पुढे त्या सरहद्दीपार गेल्याचं कानावर आलं. मोटारशेठ मात्र पुढच्याच आठवड्यापासून गाडीत दिसेना. कुणी त्याचं नाव काढलं नाही. कंडक्टरबाईनेही नाही. ती सीट रिकामी असली, तरी माणसं उभ्याने जायची.

काही वर्षांनी लष्कर गेलं, विधिमंडळ उघडलं. बेपत्ता माणसांच्या घरच्यांची फाटकापाशी रांग लागली. एका सकाळी कंडक्टरबाईला गाडीतून दिसलं, परत आलेल्या सभापतीबाई स्वतः खाली उतरून एकेकाचं ऐकून घेत होत्या. त्यांच्यासमोर मोटारशेठची बायको उभी होती.

"उतरतेस का? थांबतो मी," ड्रायव्हर म्हणाला.

उतरावं, त्या दिवशी काय झालं ते त्या बाईला सांगावं, असं तिला फार वाटलं. पण फाटकावर पहारेकरी होता. त्याच्या खांद्यावर बंदूक होती. तिचे पाय जागचे हलेनात.

तिने दोनदा घंटी मारली, आणि गाडी निघाली.