जांभळ्या बुडाची बांधी

आरमोरीजवळच्या त्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, गवताचे पातेही दिसत नसे, आणि हीच रुखमाबाईंची कीर्ती होती. घरच्या सुवासिक धानाचे बूड जांभळे. हिरव्या बुडाचे जे दिसेल ते त्या मुळासकट उपटत. कृषी कार्यालयाने या स्वच्छतेचा शाल-श्रीफळ देऊन गौरव केला. निसर्गाची निवड दूरच्या बेटांवर, लाखो वर्षांत घडते, एवढेच ज्यांना परीक्षेपुरते ठाऊक, त्यांनी दुसरे काय करावे?

पिकात तणासारखे येणारे जंगली धान पूर्वी तऱ्हेतऱ्हेचे उगवे: उंच, बुटके, हिरवे, तांबूस, क्वचित एखादे जांभळ्या बुडाचे. बाकीचे सगळे रुखमाबाईंच्या बोटांनी नेले. जांभळ्या बुडाच्या त्या एकाला घरचे समजून कुणी हात लावला नाही. त्याचे दाणे कापणीआधीच गळत, चिखलात निजत आणि पुढच्या पावसात अधिक संख्येने उठत.

गावाने विकतचे वाण धरले होते; घरचे धान याच बांधीत उरले होते, आणि कोठीत मूठभरही नव्हते. यंदा पीक अकाली पिकले, म्हणून रुखमाबाईंची सून कुंता धास्तावली. बियाणे पारखणे हे माझे काम; म्हणून तिने मला बोलावले.

भर दुपार, वारा नव्हता. सारी बांधी एका उंचीची, एका रंगाची. नजर कुठेच ठरेना. आतून मात्र कुणी हलके चालत असल्यासारखी बारीक टपटप येत होती. कुंताचा नवरा सोमाजी म्हणाला की उंदरांचे लगीन असेल.

कुंताने लोंब धरली. दाणे गळून पडले. हातात रिकामी काडी. दुसरी धरली, तिसरी. दाणे काळे, लांब कुसांचे.

रुखमाबाई वाकून बुडे पाहू लागल्या. "जांभळंच हाय. माह्या बांधीत परकं काई नाई."

"बाई, हे आपलं धान नाई," कुंता म्हणाली. "एक तरी बूड उरलं असंल. मले तेच पाह्यजे."

ती आत शिरली. टपटप तिच्याभोवती वाढत गेली. रुखमाबाई बांधावरून निघाल्या, नजर नेहमीसारखी जमिनीलगत. कोपऱ्यात घरच्या धानाचे एक रोप होते: बूड जांभळेच, पण सगळ्यांहून ठेंगणे, लोंबी अजून हिरवी. मी ओरडण्याआधीच त्यांनी ते उपटून कुंतापुढे धरले.

"हे पाह्य, परकं. एवढंच राह्यलं होतं."

कुंताने एक दाणा नखाने दाबला. पांढरे दूध आले; पेरून उगवेल असा दाणा अजून झाला नव्हता.

तिने रोप घेतले आणि गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी, ते पुन्हा चिखलात रोवू लागली.