जठराला जीभ नसते

"जठराला जीभ नसते," तक्तेवाला म्हणाला.

बायकोनं मिक्सरच्या भांड्यातला एक थेंब तळहातावर घेतला होता आणि ती तो चाटून मिठाचा अंदाज घेत होती. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं आणि गाळणी शोधायला लागली. उकडलेला भात, डाळ, गाजर, सगळं एकत्र वाटायचं, पाणी घालून पातळ करायचं, गाळायचं आणि मोठ्या सिरिंजनं त्याच्या नाकातल्या नळीत सोडायचं. तिथून ते परस्पर पोटात जायचं. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याला गिळता येत नव्हतं.

"कुणासाठी चाखतेस? वाटेत चव घ्यायला कुणी बसलेलं नाही."

"बोलू नका जास्त. धाप लागते तुम्हाला."

"मूर्खपणा नुसता."

झटक्यानं त्याचे शब्द एकमेकांना चिकटायचे, पण त्यातली तुच्छता स्वच्छ ऐकू यायची. ती काही वाया गेली नव्हती.

शाळांसाठी कापडी तक्ते रंगवण्यात त्याचा जन्म गेला होता. वर एक दांडी, खाली एक दांडी, मध्ये माणूस उभा चिरलेला. हृदय, फुप्फुसं, डोळा, कान, सगळं तो काढायचा, पण खप पचनसंस्थेचा. तपकिरी यकृत, हिरवं पित्ताशय, पिवळं स्वादुपिंड आणि बोळा करून कोंबल्यासारखं लहान आतडं. इतकी आतडी रंगवल्यावर माणसाबद्दल आदर राहणं कठीणच, आणि त्यानं तो ठेवलाही नव्हता. मंत्री असो, मास्तर असो, त्याच्या लेखी दोन्हीकडून उघडी नळी. मेहुणा जेवायला आला आणि डोळे मिटून, मिटक्या मारत खायला लागला की हा समोर बसून सांगायचा, "तीन बोटांच्या जिभेसाठी एवढा आटापिटा. पुढे तीस फूट चिखल आहे, चिखल." मेहुणा जाड कातडीचा. तो "आणखी वाढ गं ताई" म्हणायचा.

आणि एवढं ज्ञान पाजळणारा हा गृहस्थ स्वतः काय करायचा, तर भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवून उठायचा. तेव्हा मात्र तीस फूट चिखल कुठे जायचा कोण जाणे. तळहातावर थेंब घ्यायची सवय बायकोला त्या सरकवलेल्या ताटांनीच लावली होती. तीही काही गरीब गाय नव्हती. शेजारणीला सांगायची, "यांनी जन्मभर आतडी रंगवली, मी जन्मभर भरली."

आज दवाखान्यात गिळण्याची तपासणी होती. जमलं तर नळी निघणार होती. तोंडानं खाल्लं काय नि नाकानं खाल्लं काय, एकच, असं तो आठवडाभर म्हणत होता. पण सकाळी त्यानं दाढी करून घेतली आणि इस्त्रीचा शर्ट चढवून घेतला. निघताना बायकोनं पिशवीत एक छोटा डबा सरकवला. त्यात मऊ शिजवून कुस्करलेला बटाटा होता. त्यानं डबा पाहिला आणि नजर फिरवली. एरवी टोमणा मारल्याशिवाय तो राहिला नसता.

गिळणं तपासणारी बाई त्याच्या मुलीच्या वयाची होती. तिनं त्याच्या मोकळ्या नाकपुडीतून कॅमेऱ्याची बारीक तार आत घातली आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

"काका, बघा. हा तुमचा घसा."

"रंग चुकलाय," तो म्हणाला. "एवढा लाल नसतो."

"तुमचाच आहे हो, काका."

काल आलेली पोर, हिला काय कळणार, असं मनात म्हणत त्यानं ओठ वाकडा केला. झटक्यानं एक बाजू तशीही वाकडीच होती, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

"हे पानासारखं दिसतंय ना, ते श्वासनळीवरचं झाकण. घास आला की हे पडायला हवं."

त्याला ते ठाऊक होतं. सुरुवातीच्या तक्त्यांवर तो ते काढायचा. मग मुख्याध्यापक लोक कुरकुरायला लागले, नावं कमी करा, पोरांना पाठ होत नाहीत. त्यानं पहिल्यांदा हे झाकणच उडवलं. तेवढंच काम वाचलं. नखाएवढ्या वस्तूवाचून कुणाचं अडणार होतं?

बाईनं हिरवा रंग घातलेलं घट्ट पाणी चमच्यानं त्याच्या जिभेवर ठेवलं. पित्ताशयाला तो वापरायचा, अगदी तोच हिरवा. "गिळा."

त्यानं गिळलं. निदान त्याला तसं वाटलं. पडद्यावर झाकण ढिम्म हललं नाही. हिरवा ओघळ त्याच्या बाजूनं सावकाश खाली आला आणि जिथे जायला नको तिथे, श्वासनळीत, गेला.

"ठसकासुद्धा लागला नाही," बाई हळू आवाजात बायकोला म्हणाली. "हे जास्त वाईट. कळतच नाही त्यांना. नळी राहू दे, काकू. व्यायाम देते, तीन महिन्यांनी परत बघू."

"पाण्याचा घोटसुद्धा नाही?"

"नाही. तोंडानं काहीच नाही."

बायकोनं मान हलवली आणि पिशवी मांडीवरून खाली ठेवली. परत येताना टॅक्सीत दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत बसले. बघण्यासारखं तिकडे काही नव्हतं.

घरी आल्यावर तिनं डबा उघडला. टाकून देणं तिच्या रक्तात नव्हतं. बटाटा मिक्सरमध्ये घातला, वर गरम पाणी ओतलं, फिरवला, गाळला. सिरिंज भरून त्याच्या खुर्चीशी आली आणि नळीच्या टोकाकडे हात नेला. त्यानं चांगल्या हातानं तिचं मनगट धरलं.

"चाखलंस?"

तिला वाटलं, झालं यांचं सुरू. आज तिच्यात ऐकून घ्यायचं त्राण नव्हतं.

"नाही चाखलं. जठराला जीभ नसते ना? तुम्हीच सांगता. आता घ्या गुपचूप."

त्यानं मनगट सोडलं नाही. "चाख."

तिनं त्याच्याकडे बघितलं. दाढी केलेला, इस्त्रीच्या शर्टातला हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे काहीतरी मागत होता आणि मागतानाही हुकूम सोडत होता. तिला राग आला आणि रडूही आलं. तिनं सिरिंजमधून एक थेंब तळहातावर पाडला आणि चाटला.

"अळणी आहे. पाणी घातलं ना वर."

"मग?"

"मग काय, घालते मीठ."

ती आत गेली. मिठाच्या डब्याचं झाकण वाजलं, भांड्यात चमचा फिरायला लागला. गरम बटाट्याचा वास बाहेरपर्यंत आला. तो डोळे मिटून ऐकत बसला, मेहुणा बसायचा तसा. जिभेखाली, गालांच्या आत, लाळेच्या ग्रंथी तो तक्त्यावर दोन फटकाऱ्यांत उरकायचा, फिकट पिवळ्या रंगात. तोंडानं काहीच नाही, हे त्या ग्रंथींना कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. ते खाली जाईना, म्हणून साठलं आणि वाकड्या ओठाच्या कोपऱ्यातून शर्टाच्या कॉलरवर ओघळलं.

ती बाहेर आली. खांद्यावरच्या फडक्यानं तिनं त्याची हनुवटी पुसली, कॉलर पुसली. त्याच्यासमोर तळहात धरून आणखी एक थेंब चाटला.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली, आणि तिनं नळीचं टोपण काढलं.