एर्मिलेची तार

वरच्या दर्जाची स्पर्धा जिंकायला काय लागतं, असं मला अजूनही लोक विचारतात. वर्तमानपत्रवाले विचारतात, लग्नाच्या जेवणात शेजारी बसलेले विचारतात. मी सांगतो, दोन उकडलेली अंडी आणि तोंड बंद ठेवणारा प्रशिक्षक. लोक हसतात. हसू देत बापडे. खरं सांगितलं तर त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

मी वार्लाम. लामाराला मी ती नऊ वर्षांची असल्यापासून शिकवलं. आमच्या गुरिया प्रांतात, चहाचे मळे उतरून रस्ता जिथं बाजारात येतो, तिथं तिच्या बापाचं, एर्मिलेचं, न्हाव्याचं दुकान होतं. दोन खुर्च्या, एक आरसा, एक बुद्धिबळाचा पट. गिऱ्हाईक तोंडाला फेस फासून बसलेलं आणि एर्मिले वस्तरा हवेत धरून पटाकडे बघत उभा, हे रोजचंच.

"अरे एर्मिले, फेस वाळला की!"

"वाळू दे. आधी तुझा वजीर मरतोय, मग तू."

एर्मिलेला बुद्धिबळाचं वेड होतं, अक्कल नव्हती. हे मी त्याच्या तोंडावर सांगायचो आणि तो माझा कान पिरगळून दाढी पुढं चालू करायचा. घोड्यावर त्याचा फार जीव. जगातला कुठलाही डाव बिघडतो तो घोडा दिल्यामुळं, ही त्याची पक्की समजूत. अशा माणसाच्या पोटी ही पोरगी कशी आली, देव जाणे. चौदाव्या वर्षी तिनं मला हरवलं, आणि त्यानंतर मी तिच्याशी नाही, तिच्यासाठी खेळायला लागलो.

लामारा स्पर्धेला गेली की एर्मिलेची रोज तार यायची. संध्याकाळी रेडिओवर खेळ्या सांगत, त्या तो पटावर मांडायचा, गिऱ्हाइकांशी भांडायचा आणि पोस्टात जायचा. पोरगी जिंको की हरो, कौतुक म्हणून नाही. "घोडा उंटाला विकलास. गाढव. जेव." असली तार. शेवटचा शब्द कायम तोच, जेव.

आता आमच्यात एक रिवाज होता, सगळ्याच संघांत होता. स्पर्धा चालू असताना खेळाडूनं टपालाला हात लावायचा नाही. पत्र, तार, फोन, सगळं आधी प्रशिक्षकाकडे. घरी कुणी आजारी आहे, नवरा रुसलाय, पोराला गोवर आलाय, असलं काही डोक्यात शिरलं की डाव गेलाच म्हणून समजा. वरच्या पातळीवर खेळ्या सगळ्यांनाच येतात हो. कोण डोक्यातून जास्त बाहेर ठेवतो, एवढाच फरक. म्हणून नाश्त्याला बसलं की लामारा अंडं फोडायची आणि मी एर्मिलेची तार मोठ्यानं वाचायचो. ऐकून ती खो खो हसायची. "बातोनो, बाबांनी आजही चुकीचंच सांगितलं!" मला ती बातोनोच म्हणायची, आमच्याकडे वडीलधाऱ्याला म्हणतात तसं. आणि त्या हसण्यानं तिचे ताठलेले खांदे सैल व्हायचे. ते मला दहा पुस्तकांपेक्षा जास्त कामाचं वाटायचं.

त्या वर्षी स्पर्धा रीगाला होती, थेट बाल्टिक समुद्रावर. सतरा फेऱ्या. पहिली येईल तिलाच जगज्जेतेपदाच्या सामन्याला जाता येणार होतं. दुसरीला फुलं. लामारानं याआधी दोनदा फुलं घेतली होती आणि आता ती एकतीस वर्षांची होती. पुन्हा संधी येणार नाही हे तिलाही माहीत होतं, मलाही.

निघायच्या आदल्या दिवशी एर्मिले माझी दाढी करत होता. लामारा बाकावर बसून चपलेचा पट्टा लावत होती.

"वार्लाम, या खेपेला वाईट बातमी एकही पोचता कामा नये तिला," तो म्हणाला. "मी मेलो तरी शेवटची खेळी होईपर्यंत सांगायचं नाही. शप्पथ घे."

"मरतोस कसला! माझी अर्धी दाढी राहिलीय अजून."

सगळं दुकान हसलं. लामाराही हसली.

तेराव्या फेरीअखेर ती अर्ध्या गुणानं पुढं होती. मागं लेनिनग्राडची रिम्मा. बुधवारी सकाळी हॉटेलच्या टपालखिडकीवरल्या बाईनं मला तार दिली आणि मी चालता चालता ती उघडली. वाटलं, बघू आज कुठला घोडा मेलाय.

"वडील काल गेले. रविवारी दोनला माती. लामाराला पाठवा. जेमाल."

जेमाल म्हणजे तिचा थोरला भाऊ.

त्या क्षणी मला एर्मिले आठवला असं सांगायला मला आवडलं असतं. खोटं कशाला बोलू? पहिला विचार आला तो असा: चार फेऱ्या राहिल्यात. रविवारीच शेवटची. चाळीस वर्षांचा दोस्त गेला आणि मी जिन्याच्या कठड्याला धरून फेऱ्या मोजल्या. मग त्याची ती दुकानातली थट्टा आठवली, आणि बुडत्यानं काडी धरावी तशी मी ती धरली. त्यानंच सांगितलं होतं ना? झालं तर मग.

तार हातात तशीच होती आणि मी जेवणघरात शिरलोही होतो.

"काय म्हणतायत?" लामारा म्हणाली. अंडं फोडून झालं होतं.

काहीतरी वाचायला हवं होतं. आदल्या संध्याकाळी तिचा डाव तपासताना मला एक खेळी सापडली होती, तिला सांगायची राहिली होती. तीच जिभेवर आली.

"प्यादं घाईनं ढकललंस. आधी हत्ती मधल्या पट्टीत आणायचा. जेव."

तिचा चमचा थांबला. "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. कागदावरून डोळे न हलवता, शब्द न् शब्द तसाच. ती माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या हातातल्या कागदाच्या पाठीकडे.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "हत्तीच आणायला हवा होता."

आणि तिनं ते अंडं संपवलं, दुसरंही संपवलं. मी मनात म्हटलं, वार्लाम, निभावलं.

पुढं मला ते जमतच गेलं. रात्री तिचा डाव उलगडायचा, खरोखरीची चूक शोधायची, सकाळी एर्मिलेच्या भाषेत वाचायची. लाज वाटते सांगायला, पण मला त्याचा अभिमान वाटायला लागला होता. लामारा आता हसत नव्हती. मला वाटलं, ताण असणार. पण खेळत होती काय! बुधवारी जिंकली. गुरुवारी हरायला आलेला डाव सात तास बसून बरोबरीत सोडवला. शुक्रवारी विश्रांती होती, म्हणून समुद्रावर फिरायला गेलो.

"बातोनो, गावाकडं आता चहाची शेवटची तोडणी चालू असेल, नाही?"

"असेल की."

"मळ्यातली माणसं बाजारात उतरली असतील. बाबांच्या दुकानात गर्दी असेल."

"असणारच. तोडणीनंतर सगळे दाढीला येतात."

असं बोललो मी. माझी जीभ झडली नाही. ती वाळूतून पुढं चालत गेली आणि बराच वेळ मागं वळली नाही.

शनिवारी तिचा डाव बरोबरीत सुटला आणि रिम्मा जिंकली. दोघींचे गुण सारखे. रविवारी सकाळी अकराला शेवटची फेरी, आणि पटावर समोरासमोर याच दोघी. लामारा खाली आली ती काळा पोशाख घालून, डोक्याला काळा रुमाल बांधून.

"हे काय गं?"

"गारठा आहे," ती म्हणाली. "वाचा."

मी वाचलं. ती जेवली.

दोनच्या सुमाराला डाव अशा जागी आला की उंट ठेवायचा की घोडा, हे ठरवायचं होतं. उंट ठेवायचा, हे मला दिसत होतं, सभागृहातल्या शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही दिसत असेल. लामारानं मान वर केली. पटाशेजारचं घड्याळ नाही पाहिलं, भिंतीवरचं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिनं उंट दिला आणि घोडा ठेवला. मी बोट चावलं. मेली, म्हटलं. एवढं सगळं करून इथं मेली.

त्यानंतर अडीच तास तो एकटा घोडा घेऊन ती रिम्माच्या मागं लागली. रिम्मानं हार मानून हात पुढं केला तेव्हा साडेचार वाजले होते. टाळ्या, फुलं, फोटो. आमच्या पथकाचे प्रमुख मला मिठी मारून रडले. लामारानं सगळ्यांना नमस्कार केला आणि मला घेऊन पाठीमागच्या बोळकांडीत आली. तिथं कोट टांगलेले होते.

"लामारा, पोरी," मी सुरुवात केली. "घरून तार..."

"दोनलाच होती ना माती?"

माझा हात खिशातल्या तारेवर गेला.

"आमच्याकडं दोनलाच देतात. पाचव्या दिवशी," ती म्हणाली. "मंगळवारीच गेले ना?"

"मंगळवारी. तुला... तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच." ती कोटांना टेकली. "बातोनो, माझ्या बाबांना आयुष्यात एक खेळी धड सांगता आली नाही. बुधवारी तुम्ही हत्ती म्हणालात आणि मला कळलं की आता माझा बाप नाही. तुम्हाला खोटं बोलता आलं, पण चुकीची खेळी काही सांगता आली नाही."

"मग विचारलं का नाहीस, बाई?"

"विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं. सांगितलं असतं तर मला जावं लागलं असतं. मला जिंकायचं होतं."

मग ती तिथंच खाली बसली, कोटांच्या खाली, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी ऐकू नये. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो. तिनं तो झटकला.

सोमवारी गावात पोचलो. अंगणात लाकडी बाकं अजून मांडलेली होती. जेमाल फाटकात उभा होता. आमच्याकडं सुतकात पुरुष दाढी करत नाहीत, त्याचे गाल काळे झाले होते. बाकावर एक म्हातारा बसलेला, त्याची एका बाजूची दाढी सफाचट आणि दुसरीवर खुंट वाढलेले. मंगळवारी खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक ते. रेडिओवर लामाराचा डाव ऐकून, हिनं घोडा फुकट घालवला, असं म्हणता म्हणता एर्मिले त्याच्या अंगावर कोसळला होता. ती अर्धी दाढी तशीच ठेवून तो मातीला आला होता.

जेमाल बहिणीला काही बोलला नाही. माझ्या छातीवर हात ठेवून त्यानं मला मागं ढकललं.

"पाच दिवस बाप घरात ठेवला आम्ही! रोज माणूस पाठवला विमानाला. काल दीड वाजेपर्यंत पेटीला झाकण लावू दिलं नाही मी, म्हटलं येईल, माझी बहीण येईल. आणि तू तार खिशात घालून बसलास? त्याच्या हातची दाढी करून घेतलीस रे तू, त्याच्या हातची!"

बाया बाहेर आल्या. कुणी थुंकलं. मी लामाराकडं पाहिलं. एकच वाक्य बोलायचं होतं तिला, 'मला माहीत होतं', एवढंच. ती बोलली नाही. मान खाली घालून भावाच्या बाजूनं आत गेली आणि आतून रडण्याचा कल्लोळ उठला. मीही तोंड उघडलं नाही. राग आला का? आला. फार आला. पण ती खरं बोलली असती तर त्या घरात तिला उभं राहायला जागा उरली नसती. मला काय, मी म्हातारा, मला फाटकाबाहेर उभं राहता येतं. गावानं त्यानंतर मला ओळख देणं सोडलं. दाढी मी घरीच करू लागलो, गाल कापून घेत.

फेब्रुवारीत ती बॅग घेऊन दारात उभी राहिली. त्या दिवसाबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही. "तयारीला कधी बसायचं, बातोनो?" एवढंच.

जगज्जेतेपदाच्या सामन्याचा पहिला डाव ती हरली. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला समोर बसली, अंडं घेतलं आणि फोडलं नाही. नुसतं हातात धरून बसली.

"वाचा," ती म्हणाली.

काय वाचू? माझ्या खिशात धोब्याची पावती होती. ती काढली, उलगडली, चष्मा लावला. आयुष्यभर मी बरोबर खेळी शोधत आलो, चुकीची शोधायला त्या दिवशी मला किती वेळ लागला म्हणून सांगू.

"घोडा उंटाला विकलास," मी वाचलं. "गाढव. जेव."

आदल्या दिवशीच्या डावात तिचे दोन्ही घोडे शेवटपर्यंत पटावर होते.

तिनं माझ्याकडं पाहिलं. "कुठला घोडा, बाबा?" ती म्हणाली. "घोडे तर दोन्ही जागेवर होते!" आणि ती हसली, तशीच, खो खो, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. मी मिठाची डबी तिच्याकडं सरकवली. रडत रडत तिनं अंडं फोडलं.

सामना बारा डावांचा होता. रोज सकाळी मी तीच पावती वाचत होतो. सामना आम्ही हरलो. अंडी मात्र तिनं एकही दिवस टाकली नाहीत.